सार्वजनिक वाहतूक सर्वांना मोफत करता येईल का? तिकिटाच्या पैशाचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : पाणीपुरवठा, रस्ते आणि पथदिवे जसे करांतून चालतात, तशाच बस आणि मेट्रोही करांतून चालवून सर्वांना मोफत का देऊ नयेत, आणि ते जमणार नसेल, तर निदान कोणालाही परवडेल अशी वाहतूक उभी करण्यासाठी नेमके काय करावे लागेल? भाडेरचना, वेळापत्रके आणि परिवहन संस्थांची अंदाजपत्रके या कामांत माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. माझे मत मात्र आधीच सांगून टाकतो. मोफत सेवा देता येते आणि काही ठिकाणी ती वर्षानुवर्षे चालूही आहे. पण तिकिटाच्या जागी येणारा पैसा कायद्याने बांधलेला आणि दरवर्षी आपोआप जमा होणारा नसेल, तर प्रवासी हळूहळू पैशांऐवजी वेळेने किंमत मोजू लागतात. फेऱ्या विरळ होतात, जुन्या गाड्या वाटेत बंद पडतात आणि ज्याच्याजवळ दुसरे साधनच नाही तो थांब्यावर ताटकळत राहतो. म्हणून भाडे किती असावे हे ठरवण्याआधी पैसे कोण देणार, कोणत्या नियमाने देणार आणि किती वर्षे देणार, हे विचारावे लागते.

पथदिव्यांचे उदाहरण अर्धे बरोबर आहे. दिव्याखालून आणखी एक माणूस चालत गेला, तर खर्च वाढत नाही. दुपारी तीन वाजता अर्धी रिकामी धावणाऱ्या बसमध्ये आणखी एक प्रवासी चढला, तरीही जवळजवळ तसेच घडते, कारण चालक कामावर आहे, इंधन जळतेच आहे आणि आसन रिकामे आहे. सकाळी नऊ वाजता मात्र चित्र उलटे असते. त्या वेळचे जादा प्रवासी लवकरच आणखी एक बस, आणखी एक चालक आणि आगारात आणखी एका गाडीची जागा मागू लागतात, आणि ती गाडी दिवसाच्या उरलेल्या वेळात बहुधा उभीच राहते. परिवहन संस्थेच्या खर्चाचा मोठा भाग गर्दीच्या या मोजक्या तासांसाठी बाळगलेल्या गाड्यांचा आणि माणसांचा असतो. याची दुसरी बाजू अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी १९७२ मध्ये मांडली होती. प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात आणि फेऱ्या वाढल्या की आधीच्या प्रवाशांनाही कमी थांबावे लागते. म्हणजे नवा प्रवासी इतरांचाही फायदा करून देतो. त्यामुळे भाडे खर्चापेक्षा कमी ठेवून उरलेला भार सार्वजनिक तिजोरीने उचलणे आर्थिकदृष्ट्याही योग्य ठरते. अनुदान ही प्रवाशांवरची मेहेरबानी नाही, एवढे यातून नक्की होते. भाडे शून्यच असावे, हे मात्र त्यातून निघत नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेली सर्वांत मोठी बाब. एकूण खर्चातला किती भाग आज तिकिटांतून निघतो? लक्झेंबर्गने २९ फेब्रुवारी २०२० पासून देशभरातील बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग मोफत केला, तेव्हा तिकिटांचे उत्पन्न खर्चाच्या एक दशांशाहूनही कमी होते. फ्रान्समधल्या डंकर्क शहराने सप्टेंबर २०१८ मध्ये बस मोफत केल्या, तेव्हा तिथेही प्रमाण सुमारे एक दशांशच होते. अशा ठिकाणी तिकीट काढून टाकणे म्हणजे नव्वद टक्के भार आधीच उचलणाऱ्या तिजोरीवर थोडा आणखी भार टाकणे होय. ज्या महानगरांत खर्चाचा निम्मा किंवा त्याहून मोठा भाग प्रवाशांकडून येतो, तिथे हाच निर्णय वेगळ्या आकाराचा होतो.

हा फरक काल्पनिक आकड्यांनी दाखवतो. समजा, वार्षिक खर्च १०० आहे, तिकिटांतून ४० येतात आणि ६० अनुदान आहे. भाडे शून्य केले. तिकीट यंत्रे, तपासनीस आणि रोख रकमेची ने-आण यांवरचे ५ वाचले. गर्दीच्या वेळी प्रवासी वाढल्यामुळे जादा गाड्यांवर १२ खर्च झाले. एकूण खर्च आता १०७ आणि तो सगळा अनुदानातून. म्हणजे ६० चे १०७ झाले. दुसऱ्या गावी तिकिटांतून फक्त १० येत होते आणि ९० अनुदान होते. तिथे वसुलीवरचे ३ वाचले, जादा गाड्यांवर ८ गेले आणि ९० चे १०५ झाले. पहिल्या ठिकाणी अनुदान पाऊणपटीहून अधिक वाढले, दुसऱ्या ठिकाणी सहाव्या हिश्शाने. दोन्ही ठिकाणी घोषणेचा मजकूर मात्र एकच असेल.

पहिल्या ठिकाणच्या जादा ४७ मध्ये आणखी काय घेता आले असते, हेही पाहावे. भाडे तसेच ठेवून तो पैसा सेवेत घातला असता, तर फेऱ्या जवळपास निम्म्याने वाढल्या असत्या आणि वीस मिनिटांनी येणारी बस साधारण चौदा मिनिटांनी आली असती. अमेरिकेतल्या जुन्या आकडेवारीवरून बांधलेला सिम्पसन-कर्टिन यांचा एक ठोकताळा आहे : भाडे ३ टक्क्यांनी वाढले, तर प्रवासी साधारण १ टक्क्याने घटतात. तो सगळीकडे तंतोतंत लागू पडत नाही, पण भाड्यापेक्षा फेऱ्यांच्या संख्येला प्रवासी अधिक प्रतिसाद देतात, असेच अनुभवाला येते. मार्गपाहणीच्या कामात मी पुन्हा पुन्हा हेच पाहिले आहे. ज्याला दुचाकी परवडते तो बस सोडण्याचे कारण म्हणून भाडे क्वचितच सांगतो. बस कधी येईल याचा भरवसा नाही, आली तरी चढायला मिळेल याची खात्री नाही आणि उतरल्यावर पुढची बस सुटून गेलेली असते, या त्याच्या तक्रारी असतात. अशा माणसाला शून्य भाडे परत आणत नाही.

टालिन या एस्टोनियाच्या राजधानीचा अनुभव या बाबतीत नीट वाचण्यासारखा आहे. २०१२ मध्ये सार्वमत घेऊन जानेवारी २०१३ पासून तिथल्या नोंदणीकृत रहिवाशांना प्रवास मोफत झाला. सुरुवातीच्या महिन्यांच्या अभ्यासात निव्वळ मोफत प्रवासामुळे झालेली वाढ जेमतेम १.२ टक्के निघाली. वर्षभरानंतर वापर सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेला दिसला, पण पायी होणाऱ्या प्रवासाचा वाटा सुमारे ४० टक्क्यांनी घटला होता. मोटारींचा वाटा थोडा कमी झाला, तरी मोटारीने होणारा सरासरी प्रवास लांबला. म्हणजे बसमध्ये आलेल्यांपैकी पुष्कळसे लोक पूर्वी चालत होते. टालिनमध्ये भाडे आधीच कमी होते आणि मोठ्या गटांना सवलतही होती, हे इथे लक्षात ठेवायला हवे. शिवाय मोफत प्रवासासाठी लोकांनी शहरात नोंदणी करून घेतल्यामुळे त्यांच्या प्राप्तिकराचा हिस्सा शहराकडे येऊ लागला, आणि योजनेच्या खर्चाला त्याचा हातभार लागला. हा फायदा शेजारच्या गावांच्या वाट्यातून आला असल्यामुळे प्रत्येक शहराला तो मिळू शकत नाही.

पायी चालणारा माणूस बसमध्ये आला तर त्यात वाईट काय, असे तुम्ही विचाराल, आणि ते रास्तच आहे. अर्धा किलोमीटर चालण्याऐवजी कोणी बस पकडली, तर गर्दीखेरीज फारसे काही हाती लागत नाही. पण भाडे परवडत नाही म्हणून पाच-सहा किलोमीटर चालत कामाला जाणारी व्यक्ती बसमध्ये आली, तर योजनेचे सार्थक झाले. एकाच टक्केवारीत हे दोघे मिसळलेले असतात. म्हणूनच पाहणी कुठे केली, याला महत्त्व आहे. बसमधल्या प्रवाशांना प्रश्नावली देऊन भाडे परवडते का असे विचारले, तर बहुतेक उत्तरे होकारार्थी येतात, कारण ज्याला परवडत नाही तो बसमध्ये नसतोच. त्याला शोधायचे तर बांधकामाच्या जागी, सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा घरकामाला जाणाऱ्या बायका ज्या रस्त्याने चालतात तिथे जावे लागते. तिथे मिळणारी उत्तरे फार वेगळी असतात. कोणते काम घ्यायचे, मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, औषधासाठी महिन्यातून दोनदा जायचे की एकदाच, हे सगळे त्या घरांत भाड्यावरून ठरलेले असते.

'परवडणे' या गोष्टीकडे माझ्या मते या घरांच्या बाजूने पाहायला हवे, आणि इथेच मोफत न करताही करण्यासारखे सर्वांत जास्त काम पडलेले आहे. मासिक पासाचे उदाहरण घ्या. पासाची किंमत चाळीस फेऱ्यांच्या भाड्याइतकी आहे आणि नोकरदार माणूस महिन्याला पन्नास फेऱ्या करतो, असे समजू. त्याला दहा फेऱ्या फुकट मिळतात. रोजंदारीवर जगणारा माणूस तेवढ्याच फेऱ्या करतो, पण पहिल्या तारखेला चाळीस फेऱ्यांचे पैसे एकरकमी बाहेर काढणे त्याला शक्य नसते, शिवाय उद्या काम मिळेल की नाही हेही माहीत नसते. तो रोज सुटे तिकीट काढतो आणि महिनाअखेरीस नोकरदारापेक्षा जास्त पैसे देऊन बसतो. सवलत कागदावर सर्वांसाठी असते, प्रत्यक्षात ती ज्याच्या खिशात आगाऊ रक्कम आहे त्यालाच मिळते. यावर उपाय म्हणजे भाड्याला कमाल मर्यादा घालणे. कार्डावर किंवा मोबाईलवर प्रत्येक फेरीची नोंद होते आणि दिवसाची, आठवड्याची किंवा महिन्याची ठरावीक रक्कम पूर्ण झाली की पुढच्या फेऱ्यांचे पैसे आपोआप लागत नाहीत. लंडनमध्ये ही पद्धत चांगली रुळली आहे. यातून संस्थेचे उत्पन्न थोडे कमी होते, पण जो पैसा जातो तो नेमका ज्यांच्याकडून घेऊ नये त्यांच्याकडून घेतला जात होता. मात्र रोख रक्कम भरून कार्ड भरण्याची सोय कोपऱ्याकोपऱ्यावर नसेल आणि कार्डासाठीच मोठी अनामत मागितली, तर पासाचीच अडचण कार्डाच्या रूपाने परत येते.

दुसरी गोष्ट गाडी बदलण्याची. स्वस्त घरे शहराच्या कडेला असतात आणि कडेवरून कामाच्या जागी थेट बस क्वचितच जाते. दोन बस, किंवा एक बस आणि मेट्रो, असा प्रवास करणाऱ्याला प्रत्येक वेळी पहिल्या टप्प्याचे भाडे नव्याने भरावे लागते, आणि पहिला टप्पा किलोमीटरच्या हिशेबाने सर्वांत महाग असतो. त्यामुळे गाडी बदलणे ही ज्याची निवड नसून सक्ती आहे, तोच दंड भरतो. पहिल्या प्रवासानंतर ठरावीक मिनिटांत केलेला दुसरा प्रवास त्याच तिकिटात धरला, तर गरीब प्रवाशाचा खर्च एका फटक्यात उतरतो. बस आणि मेट्रो वेगवेगळ्या संस्थांच्या असतील, तर उत्पन्नाची वाटणी कशी करायची यावर बैठकांमागून बैठका होतात, आणि तिथे हा सुधार अडकतो. बॉस्टन शहराने काही बसमार्ग मोफत केले, तेव्हाही अनेक प्रवाशांची बचत झाली नाही, कारण त्यांच्याकडे आधीच पास होता किंवा त्यांना पुढे दुसरे वाहन पैसे देऊन घ्यावे लागत होते. सुटे मार्ग मोफत करण्याची ही मर्यादा घोषणेच्या वेळी कोणी सांगत नाही. एक फायदा मात्र तिथे खरा होता. तिकिटासाठी पुढच्या दाराशी रांग लागत नसल्यामुळे प्रवासी सर्व दारांनी चढले आणि बस थांब्यावर कमी वेळ थांबली. हा फायदा भाडे ठेवूनही मिळवता येतो, फक्त त्यासाठी तिकीट गाडीत चढण्याआधी काढण्याची व्यवस्था करावी लागते.

ठरावीक गटांना मोफत किंवा सवलतीचा प्रवास देणे हा मधला मार्ग आहे आणि तो बऱ्याच ठिकाणी स्वीकारला गेला आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहराने २०१४ पासून सामाजिक साहाय्याच्या सरकारी यादीतल्या गरीब प्रवाशांच्या कार्डावर सवलत द्यायला सुरुवात केली. दिल्लीने ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि कर्नाटकाने जून २०२३ मध्ये सरकारी बसमधून महिलांना मोफत प्रवास दिला. महिलांच्या योजनांवर श्रीमंत महिलांनाही फुकट कशाला, असा आक्षेप घेतला जातो. मला तो फारसा पटत नाही. साध्या बसने प्रवास करणारी व्यक्ती सहसा संपन्न नसते, आणि उत्पन्नाचा दाखला मागितला की ज्यांना खरी गरज आहे त्याच महिला कार्यालयांच्या चकरा मारून थकतात. घरात पैसे एकाच्या हाती असतात तिथे, बसचे भाडे मागावे लागत नाही, या एका गोष्टीने स्त्रीच्या फिरण्यात किती फरक पडतो, हे उत्पन्नाच्या तक्त्यात दिसत नाही. यादीवर आधारलेली सवलत स्वस्त पडते खरी, पण यादी जुनी असेल तर ती चुकीच्या माणसांना मिळते. कोणती पद्धत निवडावी हे यादी किती विश्वासार्ह आहे यावर ठरते.

या योजनांत खरी गोम प्रतिपूर्तीत, म्हणजे सवलतीमुळे बुडालेले पैसे शासनाकडून परत मिळण्यात असते. बाहेरून बघणाऱ्याला ती दिसत नाही, म्हणून थोडे थांबून सांगतो. परिवहन संस्थेला डिझेल किंवा वीज, पगार आणि सुटे भाग यांचे पैसे रोजच्या रोज लागतात. तिकिटांचा पैसा रोज संध्याकाळी आगारात जमा होत असतो. सवलत लागू झाली की त्या रकमेच्या जागी शासनाकडे पाठवलेले एक देयक येते. ते तपासले जाते, त्यावर शंका निघतात आणि पैसे काही महिन्यांनी, कधी अपुरे मिळतात. दरम्यान संस्था इंधन पुरवठादाराचे पैसे थकवते, टायर बदलणे पुढे ढकलते आणि नादुरुस्त गाड्या आगारात वाढत जातात. अशी घसरण मी जवळून पाहिली आहे. प्रवाशाला तिचे कारण कळत नाही, त्याला एवढेच दिसते की आठ वाजताची फेरी रद्द झाली. यावर साधा उपाय आहे. अपेक्षित सवलतीची रक्कम तिमाहीच्या आरंभी आगाऊ द्यावी आणि नंतर प्रत्यक्ष प्रवासी मोजून हिशेब मिटवावा. मोजणीसाठी शून्य रुपयांचे का होईना, तिकीट दिलेच पाहिजे. नाहीतर कोणत्या मार्गावर किती प्रवासी आहेत, ही माहितीच नाहीशी होते आणि वेळापत्रक अंदाजाने बसवावे लागते.

याला जोडूनच चालक, वाहक आणि खासगी गाडीमालक यांना पैसे कशावर मिळतात, तेही तपासावे लागते. वाहकाचा प्रोत्साहन भत्ता जमा झालेल्या रकमेवर असेल, किंवा खासगी गाडीमालक तिकिटाचे उत्पन्न स्वतःकडे ठेवत असेल, तर सवलतीचा प्रवासी त्याला नकोसा होतो. मग थांब्यावर फक्त विद्यार्थी आणि वृद्ध उभे दिसले की बस पुढे निघून जाते. माणसे वाईट असतात म्हणून हे घडत नाही, करारच तसा लिहिलेला असतो. गाडीमालकाला धावलेल्या किलोमीटरवर आणि वेळ पाळण्यावर पैसे द्यावेत, तिकिटाचे उत्पन्न सार्वजनिक संस्थेने घ्यावे, असा करार आधी झाल्याशिवाय मोठी सवलत जाहीर करू नये, असा सल्ला मी नेहमी देत आलो आहे.

आता पैशाच्या मूळ प्रश्नाकडे येतो. टिकाऊ स्रोतांची जगात पुरेशी उदाहरणे आहेत. फ्रान्समध्ये अकरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांकडून पगारावर 'वर्समाँ मोबिलिते' नावाचा कर घेतला जातो आणि तो स्थानिक वाहतुकीसाठीच खर्च होतो. डंकर्कच्या मोफत बस मुख्यतः याच आधारावर उभ्या आहेत. तर्क सरळ आहे : कामगार वेळेवर पोहोचण्याचा फायदा मालकाला होतो, म्हणून त्यानेही हिस्सा द्यावा. ब्राझीलमध्ये १९८५ च्या कायद्याने तोच तर्क दुसऱ्या पद्धतीने वापरला. मूळ पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंतचा प्रवासखर्च कामगाराने करायचा, त्यावरचा मालकाने. यात अडचण एवढीच की असंघटित कामगार त्यातून सुटतो, आणि गरज त्यालाच जास्त असते. व्हिएन्नाने २०१२ मध्ये वार्षिक पास ३६५ युरोंवर आणला तो सर्वत्र सांगितला जातो. त्याच वर्षी तिथे सशुल्क पार्किंगचा विस्तार झाला, पार्किंगचे दर वाढले आणि प्रत्येक कर्मचाऱ्यामागे मालकांनी द्यायचा साप्ताहिक कर २ युरो करण्यात आला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. लंडनने २००३ मध्ये मध्यवर्ती भागात येणाऱ्या मोटारींवर शुल्क लावले आणि त्याचे निव्वळ उत्पन्न कायद्यानेच वाहतुकीसाठी राखून ठेवले. हाँगकाँगची रेल्वे संस्था स्थानकांभोवतीच्या जमिनीच्या विकासातून उत्पन्न मिळवते. ब्राझीलमधल्या मारिका या शहरात २०१४ पासून मोफत बस धावतात, त्यामागे खनिज तेलाचे स्वामित्वधन (रॉयल्टी) आहे. जमिनीखाली तेल नसलेल्या शहरांनी त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही. या सर्वांत मला पार्किंग आणि मोटारींवरचे शुल्क सर्वाधिक उपयोगी वाटते. पैसा तर येतोच, शिवाय रस्त्यावरची मोटारींची गर्दी कमी होऊन बसचा वेग वाढतो. बस वेगाने धावली की तेवढ्याच गाड्यांत आणि तेवढ्याच चालकांत जास्त फेऱ्या होतात. बससाठी राखीव मार्गिकेचेही तेच आहे. भाड्याच्या चर्चेत या बचतीचा विषय निघतच नाही, याचे मला नवल वाटते.

स्रोत बांधलेला नसला की काय होते, तेही पाहू. बेल्जियममधल्या हॅसेल्ट शहराने १९९७ मध्ये बस मोफत केल्या, त्याच वेळी मार्ग आणि फेऱ्याही भरपूर वाढवल्या, आणि दशकभरात प्रवासी दहा पटींहून अधिक झाले. ही वाढ भाड्यामुळे किती आणि सेवेमुळे किती, हे वेगळे करता येत नाही. यशाबरोबर खर्चही वाढत गेला आणि २०१३ मध्ये सर्वांसाठीची मोफत सेवा थांबवावी लागली. जर्मनीने २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये महिन्याला ९ युरोंचे तिकीट दिले. ते प्रचंड लोकप्रिय झाले आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांत उभे राहायला जागा उरली नाही. नंतर मे २०२३ मध्ये ४९ युरोंचे कायम तिकीट आले. सरकारी वाटा ठरावीक रकमेवर थांबला, खर्च वाढत गेला आणि तिकीट २०२५ मध्ये ५८, तर २०२६ मध्ये ६३ युरोंवर गेले. कायदेशीर पाया कच्चा असेल तर काय होते, ते लंडनने १९८१ मध्ये अनुभवले. तिथल्या महानगर परिषदेने भाडे सुमारे एक तृतीयांशाने उतरवले, एका उपनगरी परिषदेने दावा लावला, सर्वोच्च न्यायपीठाने डिसेंबरमध्ये ती कपात बेकायदा ठरवली आणि पुढच्या मार्चमध्ये भाडे जवळपास दुप्पट झाले.

भाडे वर्षानुवर्षे गोठवून ठेवणे, हाही परवडणारे भाडे देण्याचा मार्ग समजला जातो. तो मला धोक्याचा वाटतो. खर्च दरवर्षी वाढतो, भाडे तिथेच राहते, तूट साचते आणि एके दिवशी मोठी वाढ करावी लागते. तीसुद्धा अशा वेळी की सेवा खालावलेली असते आणि लोक आधीच चिडलेले असतात. ब्राझीलच्या साओ पाउलोमध्ये २०१३ साली २० सेंताव्होंच्या आणि चिलीच्या सान्तियागोमध्ये २०१९ साली ३० पेसोंच्या वाढीवरून जी आंदोलने पेटली, त्यांची मुळे भाड्यापेक्षा बरीच खोल होती. तरीही ठिणगी भाड्याचीच होती. इंधन आणि वेतन यांच्या निर्देशांकाला जोडलेली छोटी वार्षिक वाढ, आणि गरीब प्रवाशासाठी तिच्यासोबतच वाढवलेली सवलत, हे जोडीने केले तर असा धक्का बसत नाही.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, तिकिटांचा वाटा लहान आहे, गाड्यांत जागा आहे आणि पैशाचा बांधलेला स्रोत आहे, अशा गावाने सेवा बिनधास्त मोफत करावी. छोट्या आणि मध्यम शहरांत हे बऱ्याचदा जमते. गाड्या आधीच खच्चून भरतात आणि खर्चाचा मोठा भाग प्रवाशांकडून येतो, अशा महानगराने मी सुचवेन त्या क्रमाने जावे. आधी फेऱ्या आणि राखीव मार्गिका वाढवाव्यात, त्यासोबत गाडी बदलण्याचा दंड काढून भाड्याला कमाल मर्यादा घालावी, मग मुले, वृद्ध, अपंग, महिला किंवा यादीतली गरीब कुटुंबे यांना आगाऊ प्रतिपूर्तीसह मोफत प्रवास द्यावा, आणि दुपारच्या रिकाम्या वेळेत सर्वांनाच नाममात्र भाडे ठेवावे. सर्वांसाठी शून्य भाडे हा यापुढचा टप्पा आहे. तो कधीच येऊ नये असे मी म्हणत नाही.

तुमच्या भागात मोफत प्रवासाची चाचणी होणार असेल, तर तिच्या रचनेकडे लक्ष द्या. एखाद्या महिन्याची चाचणी निरुपयोगी असते, कारण लोक घर, नोकरी आणि गाडीखरेदीचे निर्णय महिन्याभरात बदलत नाहीत. किमान वर्षभर तरी द्यावे. चाचणी सुरू होण्यापूर्वीची मोजणी हातात नसेल, तर नंतरच्या आकड्यांचा काहीच अर्थ लावता येत नाही. त्या मोजणीत बसमधल्या प्रवाशांबरोबर रस्त्याने चालणारे, सायकलवाले आणि दुचाकीवालेही असले पाहिजेत. तशाच दुसऱ्या एका मार्गावर भाडे चालू ठेवून तुलना करावी, आणि त्या वर्षात कोणत्या मार्गावर फेऱ्या वाढवल्या किंवा रद्द झाल्या, याची रोजची नोंद आगारातून घ्यावी. ही नोंद प्रत्येक आगारात असते. ती मागितली की मिळते, फक्त चाचणी चालू असतानाच मागावी लागते.